एक्केचाळीस नंबरचा पंखा

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. वय चोपन्न, लग्न केलेलं नाही, नऊ वर्षांपासून आमच्याकडेच राहतात. मोठी निळी चादर अर्ध्यात आली होती. आता वन्संनी चार पावलं पुढे येऊन आपली टोकं माझ्या हातात द्यायची, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो खांद्याने कानाशी धरला, ऐकला आणि हातातली टोकं सोडून दिली. चादर माझ्या पायांवर पडली. एरवी मी क्षणभर आधी हात हलवला तरी "थांब की जरा" म्हणून ओरडणारी ही बाई.

"माझं नाव काढलंय," त्या म्हणाल्या.

"कुठून?"

"शिवणीतून."

मी चादर उचलून पुन्हा टोकं शोधायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे ती. तशीच टाक खुर्चीवर." आणि चपला घालून ऑफिसला निघून गेल्या. डबा ओट्यावर राहिला.

शिवण म्हणजे काय ते मला समजायला तीन वर्षं लागली, पण आता मी कुणालाही सांगू शकते. समजा, बोगद्यात गाडीने पेट घेतला तर धूर कसा पसरेल हे आधीच गणित करून बघायचंय. एका कॉम्प्युटरला ते झेपत नाही, महिनेच्या महिने लागतील. म्हणून गणितातल्या बोगद्याचे चौसष्ट तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका कॉम्प्युटरला द्यायचा. सगळे एकदम कामाला लागतात. पण धूर काही तुकड्याची हद्द ओळखत नाही. म्हणून प्रत्येक पावलाला प्रत्येकाने शेजाऱ्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्या कडेला काय चाललंय? त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. हे तुकडे पाडणं, वाटणं, कडा जुळवणं आणि मुख्य म्हणजे थांबणं सांभाळणारी अवजारं, म्हणजे प्रोग्रॅम, वन्संनी अकरा वर्षं खपून तयार केली. ज्याला धुरातलं कळतं पण कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही, तोही ती घेऊन आपला प्रयोग उभा करू शकतो. त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपडे शिवायच्या. त्या म्हणायच्या म्हणे, की कापणं कुणालाही येतं, शिवण जुळली पाहिजे. म्हणून वन्संनी अवजारांना शिवण हे नाव दिलं. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्यांचं नाव आणि त्याखाली एक ओळ: शेजारी आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुपारी त्या परत आल्या तेव्हा सगळं कळलं. त्यांच्या साहेबांनी शिवणीचं नाव बदलून महावेग केलं होतं. नाव काढून स्वतःचं घातलं होतं. आणि ती ओळसुद्धा काढली होती.

या साहेबांना वन्सं इस्त्री म्हणतात. त्यांच्या शर्टाला म्हणे बसल्यावरही चुणी पडत नाही. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, ऑफिसच्या स्नेहसंमेलनात. माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून मागे कोण येतंय ते बघत होते.

"विचारलं का त्यांना?" मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाला, ताई, नाव कुणाचं का असेना, काम तर आपल्या सगळ्यांचं आहे ना."

"मग तुमचंच राहू द्यायचं होतं!"

"तेच मी म्हटलं. तर घड्याळ बघितलं त्याने."

संध्याकाळी हे आले. बहिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "जाऊ दे गं ताई. लोकांना माहितेय कुणी केलं ते."

"कुठल्या लोकांना?"

हे वर्तमानपत्राआड गेले.

जाऊ देणं हे वन्संच्या रक्तात नाही, हे त्यांच्या भावाला इतक्या वर्षांत कळू नये याचं मला नवल वाटतं. चौकात पूर्वी एक चपलांचं दुकान होतं. तिथल्या माणसाने एकदा वन्संना भर गिऱ्हाइकांत "बाईंचा पाय पुरुषी आहे" असं म्हटलं. ते दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली, तिथे आता दातांचा दवाखाना आहे, तरी वन्सं त्या फुटपाथने जात नाहीत. दात दुखला तेव्हा दोन बस बदलून लांबच्या डॉक्टरकडे गेल्या. मी इथे राहायला आलेल्या वन्संशी पहिलं वर्षभर नीट बोलत नव्हते, तेही त्यांनी लक्षात ठेवलंय. अधूनमधून सहज म्हणतात, "वहिनी, तुझं ते पहिलं वर्ष फार शांततेत गेलं हो माझं."

त्या दिवशी मी देवासमोर बसले तेव्हा जपात मन लागेना. चाळीस वर्षं रोज बसते आहे, मुलांसाठी मागितलं, ह्यांच्या गुडघ्यासाठी मागितलं, पण कुणाचं वाईट कधी मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. देवा, म्हटलं, त्या माणसाची भर सभेत फजिती होऊ दे. आणि मला तिथे बसायला जागा मिळू दे. हे रोजनिशीच्या वहीत लिहायला नको वाटलं, पण या वहीत मी खोटं लिहीत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

शुक्रवारी वन्संच्या ऑफिसातली चष्मेवाली घरी आली. गुरुवारचा फोन तिचाच होता. वन्संच्या हाताखाली काम करते, चांगली चाळिशीची बाई, दोन मुलं. तिने खरी गोष्ट सांगितली. इस्त्रीने नुसती ओळ काढली नव्हती. शिवणीतलं थांबणंच काढून टाकलं होतं.

"का?" मी विचारलं.

"वेग दिसावा म्हणून," चष्मेवाली म्हणाली. "आधी चाळीस मिनिटं लागायची, आता एकोणीस लागतात. शेजाऱ्याचं उत्तर आलं तर घ्यायचं, नाही आलं तर त्याचं मागचंच उत्तर धरून पुढे पळायचं."

"आणि मंगळवारी नगरपालिकेच्या सभागृहात सगळ्यांसमोर चालवून दाखवणार आहे," वन्सं म्हणाल्या. "डोंगराखालच्या नव्या बोगद्याचं. अग्निशमन दलाच्या प्रमुख येणार आहेत. धूर किती वेळात कुठे पोचतो ते बघून बोगद्याला बाहेर पडायची दारं तीन करायची की पाच, ते ठरणार."

"पण मग उत्तर चुकीचं येत नाही का?"

"सगळी मशीन सारख्या वेगाने पळत असतील तर येत नाही. सगळे आपोआपच एकत्र पोचतात. म्हणून तर त्याला कळलं नाही." वन्संनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्या चहा गारच पितात. "पण एक्केचाळीस नंबर आहे ना."

चौसष्ट मशीनमधलं एक्केचाळीस नंबरचं खोलीच्या कोपऱ्यात, दाराशी आहे. दारातून येणारी सगळी धूळ त्याच्या पंख्यात जाऊन बसते. पंखा अडकला की ते तापतं, तापलं की मंद होतं. ही गोष्ट वन्संशिवाय कुणाला माहीत नव्हती, कारण दर पंधरा दिवसांनी त्या स्वतः जाऊन तो पंखा ब्रशने साफ करायच्या. दोन बोटं रुंदीचा, मऊ केसांचा ब्रश, त्यांच्या पर्समध्येच असायचा. हे काम कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या यादीत नव्हतं. पुढची पाळी येत्या सोमवारी होती.

चष्मेवाली गेल्यावर वन्संनी पर्स उघडली, ब्रश काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"घे. खिडक्यांच्या खाचा साफ करायला होईल तुला."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी काहीही करणार नाहीये, वहिनी," त्या म्हणाल्या. "जे करत होते ते फक्त करणार नाहीये."

मी ब्रश घेतला. खरं सांगते, आनंदाने घेतला. शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खाचा घासून काढल्या, साबणाच्या पाण्यात बुडवून, तेलकट काळं निघेपर्यंत. ब्रशचे केस ताठ होऊन फाकले. प्रत्येक फटकाऱ्याला मी मनात म्हणत होते, हा घे, इस्त्री, हा घे.

रविवारी दुपारी जेवताना वन्संचा घास हातातच राहिला.

"घोळ झाला," त्या म्हणाल्या.

"मीठ जास्त झालंय का?" ह्यांनी विचारलं.

"तो पडणार नाही. पास होईल."

ह्यांना काही कळलं नाही. मला वन्संनी ताटातच दाखवलं. भाताची एक लांब ओळ केली, बोटाने मधे फट पाडली. "हे एक्केचाळीस. मंद झालं, की शेजाऱ्याला याच्याकडून ताजी खबर मिळत नाही. शेजाऱ्याला वाटतं, इथे अजून धूर आलाच नाही. म्हणजे गणितात धूर या शिवणीपाशी तुंबून राहणार. शेवटी उत्तर काय येणार? धूर उशिरा पोचतो. लोकांना पळायला भरपूर वेळ आहे. दारं तीन पुरेत." त्यांनी हात धुतला. "सभागृहात टाळ्या पडतील. चुकलेलं उत्तर चुकल्यासारखं दिसणारच नाही. चांगलं दिसेल. आणि त्या बोगद्यातून माणसं जाणार आहेत."

"मग उद्या जाऊन पंखा साफ करा," मी म्हटलं. म्हणताना माझी नजर खिडकीकडे गेली, कारण ब्रशची काय गत केली होती ते मला माहीत होतं.

"साफ केला तर या वेळी झाकलं जाईल. पुढच्या वेळी दुसरा कुठला पंखा अडकेल, तेव्हा कोण बघणार आहे? थांबणंच नाही तर ते अवजार नाही, वहिनी. कात्री आहे नुसती." त्यांनी टॉवेलला हात पुसले. "पंखा तसाच राहू दे. मला फक्त एक वाक्य बोलायचंय सभागृहात. सगळ्यांच्या देखत. त्याच्या तोंडावर."

"ताई, ऑफिसात एकट्याला गाठून सांग ना त्याला," हे म्हणाले.

"एकटा असतानाच तर त्याने नाव काढलं," वन्सं म्हणाल्या.

सोमवारी मी देवाला पुन्हा तेच मागितलं. फक्त बोगद्यातल्या माणसांचं भलं आधी मागितलं, आणि इस्त्रीचं नंतर. एवढी शिस्त पाळली.

मंगळवारी सभागृह सगळ्यांना खुलं होतं, म्हणून मीही गेले. तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. वन्सं शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मंचावर इस्त्री, पांढऱ्या शर्टात, मागे पडद्यावर बोगद्याचं चित्र. पहिल्या रांगेत अग्निशमन दलाच्या प्रमुख, धिप्पाड बाई, आवाज असा की मायक्रोफोनची गरज नाही. इस्त्रीने महावेग कसा आपल्या डोक्यातून निघाला ते सांगितलं. पहाटे फिरायला गेलो असताना सुचलं म्हणे. मी मागे वळून बघितलं. वन्सं नखं बघत होत्या.

प्रयोग सुरू झाला. पडद्यावर करडा धूर सरकत होता. एका जागी, साधारण दोन तृतीयांश अंतरावर, तो थबकला, भिंत असल्यासारखा, मग हळूहळू पुढे झिरपला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. एकोणीस मिनिटांनी उत्तर आलं: तिसऱ्या दारापर्यंत धूर पोचायला सहा मिनिटं चाळीस सेकंद.

"म्हणजे तीन दारं पुरेशी आहेत," इस्त्री म्हणाला. टाळ्या सुरू झाल्या.

"परत एकदा चालवा," मागून आवाज आला.

टाळ्या अर्ध्यात थांबल्या. इस्त्रीने वन्संना ओळखलं आणि हसला. "ताई आमच्याच ऑफिसच्या आहेत. ताई, परत चालवून तेच येणार ना."

"मग चालवा ना."

"वेळ जाईल उगाच सगळ्यांचा."

"एकोणीसच मिनिटं. महावेग आहे."

लोक हसले. प्रमुख बाईंनी मान मागे वळवून वन्संकडे बघितलं, मग इस्त्रीकडे. "चालवा," त्या म्हणाल्या.

ती एकोणीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. इस्त्री दोनदा पाणी प्यायला. पडद्यावरचा धूर त्याच जागी येऊन थबकला, या खेपेला जास्तच वेळ, कारण तोवर एक्केचाळीस नंबर आणखी तापलं होतं. उत्तर आलं: नऊ मिनिटं दहा सेकंद.

प्रमुख बाई उठल्या. "तोच बोगदा, तीच आग," त्या म्हणाल्या. "मी कागदावर कुठलं लिहू? का आग लागल्यावर धुराला विचारू, आज तुला किती घाई आहे?"

"मशीनमध्ये काहीतरी... मशीनची देखभाल कुणाकडे आहे?" इस्त्री म्हणाला आणि वन्संकडे बोट दाखवलं. "ताई, तुम्ही बघता ना ती खोली?"

"कामांच्या यादीत बघा," वन्सं म्हणाल्या. "तिथे माझं नाव नाही. शिवणीवरही आता नाही."

हे खरं होतं. अगदी पूर्ण खरं नव्हतं, हे त्या सभागृहात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी रांगेत बसून पदराखाली हात जोडले होते, पण ते क्षमेसाठी नव्हते, एवढं मी प्रामाणिकपणे लिहिते.

प्रमुख बाईंनी विचारलं, "आणि तुमच्या हिशेबाने किती?"

"थांबणं ठेवलं तर चाळीस मिनिटं लागतात आणि उत्तर येतं चार मिनिटं पन्नास सेकंद. पंखा अडकलेला असू दे, नसू दे. शंभर वेळा चालवा. पाच दारं लागतील तुम्हाला."

"थांबणं कुणी काढलं?"

वन्सं नुसतं मंचाकडे बघत राहिल्या. मग सगळंच सभागृह मंचाकडे बघायला लागलं. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा मोठा नकाशा उमटला होता. वळला तेव्हा सगळ्यांना दिसला. बाहेर पडताना वन्सं मला एवढंच म्हणाल्या, "चुणी पडली."

प्रमुख बाईंनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. नवं उत्तर हवं आणि त्यावर ज्याने अवजारं बनवली त्याचं नाव हवं. हे चष्मेवालीने बुधवारी फोन करून सांगितलं.

सभेनंतर वन्संनी दोन दिवस रजा टाकली होती, आणि काल, गुरुवारी दुपारी, इस्त्री आमच्या दारात उभा. काखेत लॅपटॉप. मी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. चहा विचारला नाही. पाहुण्याला चहा न विचारण्याची माझी ही पहिलीच वेळ.

"ताई, झालं ते झालं," तो म्हणाला. "थांबण्याचा भाग तेवढा परत बसवून द्या. माझ्या लोकांना जमत नाहीये."

वन्संनी खुर्चीवरची निळी चादर उचलली. आठवडाभर ती तशीच पडली होती, घरातल्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

"ती दोन टोकं धरा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चादर. धरा."

त्याला वाटलं थट्टा आहे. मग वन्संचा चेहरा बघितला आणि लॅपटॉप खाली ठेवून टोकं धरली. वन्सं अजून आपली बाजू ताणत होत्या तेवढ्यात तो टोकं जुळवून पुढे आला. चादर तिरकी, मधे पोटासारखी लोंबायला लागली.

"परत," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने टोकं जुळवली पण पावलं आधी टाकली. "परत." चौथ्यांदा तो वन्संकडे बघत उभा राहिला, त्यांनी मान हलवेपर्यंत हललाच नाही. घडी सरळ पडली. मी दारात उभी राहून बघत होते. मला हसू येत नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, पोटात ऊन पडल्यासारखं.

"आता लॅपटॉप उघडा," वन्सं म्हणाल्या. "आधी माझं नाव. प्रत्येक फाइलवर. तुम्ही स्वतः टाइप करायचं, मी बघते. मग अवजारांचं नाव परत शिवण. मग माझी ती ओळ. हे सगळं होईपर्यंत मी किबोर्डला हात लावणार नाही."

"दोनशे फाइली आहेत, ताई. एका झटक्यात होतील, मी एक छोटा प्रोग्रॅम..."

"एकेक करा," वन्सं म्हणाल्या. "मला घाई नाही."

तो पाच वाजेपर्यंत टाइप करत होता. हे ऑफिसातून आले, डायनिंग टेबलावर बहिणीच्या साहेबाला बघून दारातच थबकले आणि तसेच गच्चीवर गेले. मधे एकदा इस्त्रीने वन्संचं आडनाव चुकवलं. त्यांनी बोट ठेवलं. त्याने सुधारलं. शेवटची फाइल झाल्यावर वन्संनी स्वतः बसून सात ओळींत थांबणं परत बसवलं. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याला ते दिसलं, आणि त्याला दिसलं हे मलाही दिसलं.

जाताना तो दारात म्हणाला, "ताई, मनात राग नाही ना ठेवणार?"

"ठेवणार," वन्सं म्हणाल्या. "बरीच वर्षं पुरेल. उद्या ऑफिसात भेटू."

आज सकाळी मी देवासमोर क्षमा मागायला बसले. अर्धा तास बसले. एका माणसाचं वाईट मागितलं, ते मिळालं आणि मला गोड लागलं, हे सगळं सांगितलं. पण क्षमा कर म्हणायला तोंड उघडेना. उद्या परत बसेन. देव वाट बघतो, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय.

स्वयंपाकघरात आले तर वन्सं खिडकीशी उभ्या होत्या, हातात तो फाकलेला ब्रश. केस चाचपून बघत होत्या. शिवण आता थांबते, पंखा अडकला तरी उत्तर चुकणार नाही, पण तो साफ केला नाही तर शनिवारच्या प्रयोगात एका मंद मशीनसाठी सगळ्यांना ताटकळावं लागेल.

"काय हाल केलेस गं याचे, वहिनी," त्या म्हणाल्या. "हा काही कामाचा नाही आता."

"तुम्हीच दिला होता," मी म्हटलं.

"दिला होता खरा." त्यांनी ब्रश पुन्हा खाचेपाशी ठेवला आणि पर्स उचलली. ऑफिसला जायच्या आधी त्यांना चौकातल्या रंगाच्या दुकानातून दोन बोटं रुंदीचा, मऊ केसांचा नवा ब्रश आणायचा आहे.